डोंगराला आपण दिसतो का?

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळची कसारा लोकल आसनगाव सोडते आणि डाव्या बाजूच्या खिडक्यांशी एकाएकी गर्दी होते. माहुलीचे सुळके ढगांतून वर आलेले असतात. नवरा, नवरी, भटजी अशी त्यांची नावं. खडकांचं एक सबंध लग्न तिथे कधीचं खोळंबून राहिलं आहे. फोन आडवे होतात, गजांतून हात बाहेर जातात. आटगाव, तानशेत मागे पडतं. खर्डीला काहीजण उतरतात. त्यांना तानसाच्या रानात जायचं असतं आणि त्यांच्या पाठीवर लांबलचक लेन्स असतात. बाकीचे कसाऱ्यापर्यंत जातात. तिथून कोणी हरिश्चंद्रगड गाठतो, कोणी रतनगड, कोणी सांधण दरी. संध्याकाळी हीच मंडळी परतीच्या गाडीत माना खाली घालून दिवसभराचे फोटो चाळत बसतात. त्यांतल्या एखाद्याला विचारावं, काय पाहिलंत आज? तो फोन पुढे करतो.

या उत्तरात एक जुना पेच आहे. पाहणं आणि दर्शन घडणं या दोन गोष्टी मराठी माणूस देवळात कटाक्षानं वेगळ्या ठेवतो. डोंगरावर तो हा फरक करतो का? आणि हातात कॅमेरा असताना तो करता येतो का?

सह्याद्रीच्या या भागात आगगाडी आणि कॅमेरा जवळजवळ एकदमच आले. मुंबई–ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्याला पोचले, १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेले. त्याआधी माहुलीकडे पाहणारा माणूस एकतर तिथला रहिवासी असे, नाहीतर वाटसरू, व्यापारी किंवा शत्रू. प्रत्येकाला त्या डोंगराकडून काहीतरी हवं असे: लाकूड, पाणी, वाट, गड. डोंगर नुसता पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडणारा माणूस इथे रुळांवरून आला, आणि त्याच्यामागोमाग त्याचं यंत्र आलं.

चित्राशी आपल्या धर्माचं तसं भांडण नाही. पंढरपुरात पददर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला आत जाणं जमत नाही तो कळस पाहून हात जोडतो आणि त्याचीही वारी पुरी होते. दर्शनाला पायऱ्या आहेत, आणि त्यांत चित्रालाही जागा मिळालेली आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर चढल्या. त्या कागदाला हळदकुंकू लागलं, उदबत्ती फिरली. छापील चित्र आहे म्हणून देव कमी भरला, असं कोणाला वाटलं नाही.

मग २०२३ च्या जुलैमध्ये केदारनाथच्या मंदिर समितीनं आवारात मोबाइलवर चित्रण करायला बंदी का घातली? देवाचं चित्र नको म्हणून ती बंदी नव्हती. केदारनाथाची चित्रं बाहेर दुकानांत हवी तितकी मिळतात. खटकलं ते चित्र काढणाऱ्याचं वागणं. देवाकडे पाठ करून, देवाला पार्श्वभूमी करून, तो स्वतःच्याच चेहऱ्याकडे पाहत होता.

इथे दर्शनाची मूळ अट लक्षात येते. दर्शन एकतर्फी नसतं. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा नेत्रोन्मीलनाचा विधी असतो. सोन्याच्या शलाकेनं डोळे उघडतात आणि अनेक ठिकाणी समोर आरसा धरतात, कारण त्या पहिल्या नजरेचं तेज माणसाला सोसवणार नाही असं मानलं जातं. त्यानंतर गाभाऱ्यापुढे जो उभा राहतो तो पाहायला येतो तसाच पाहून घ्यायलाही येतो. अमेरिकेतल्या धर्माभ्यासक डायना एक यांनी १९८१ साली दर्शनावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच होता: भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला पाहतो. आपल्याकडच्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. गर्दीत नातवाला उचलून धरताना त्या ‘देव बघ’ म्हणत, आणि देवालाही सांगत की हा आमचा बरं का.

देवळात हे ठीक. पण डोंगराला डोळे नाहीत, कोणी ते उघडलेलेही नाहीत. मग तिथे दर्शन कसलं?

वेदान्ताची सुरुवात शिकवणारा ‘दृग्दृश्यविवेक’ नावाचा एक लहान ग्रंथ आहे. कोणी तो शंकराचार्यांचा मानतात, कोणी भारतीतीर्थांचा. त्याची पहिलीच पायरी अशी: रूप दिसतं, डोळा पाहतो, मग डोळा हाही दिसणाऱ्यांत जमा होतो आणि मन पाहतं, मग मनही दिसणाऱ्यांत जातं आणि उरतो तो साक्षी, जो पाहतो पण कोणाला दिसत नाही. एकेक पाहणारा मागे सरकत जातो. कॅमेरा आला तेव्हा या साखळीत रूप आणि डोळा यांच्यामध्ये आणखी एक कडी घुसली. डोळा आता डोंगराकडे पाहत नाही, काचेकडे पाहतो.

यंत्राच्या पोटातही हा पेच आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, लेन्समधून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर पडावा म्हणून तो आरसा वर उचलला जातो, आणि तेवढा क्षण छायाचित्रकाराच्या डोळ्यापुढे काळोख होतो. म्हणजे जो क्षण चित्रात येतो, नेमका तोच त्यानं पाहिलेला नसतो. आधीचा पाहिला, नंतरचा पाहिला, मधला यंत्रानं घेतला. फोनचं तर याहून पुढे गेलं आहे. तो एका दाबण्यात अनेक चौकटी घेतो, कुठली सावली उजळतो, कुठलं आभाळ गडद करतो आणि सगळ्यांचं मिळून एक चित्र देतो. ते कुठल्याच एका क्षणाचं नसतं. ‘हे मी पाहिलं’ या वाक्यातला ‘मी’ कोण, हा वेदान्त्यांचा प्रश्न खर्डीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारता येईल.

पाहणं ही साधना आहे असं मानणारा नाथपंथ याच डोंगरांत वावरलेला आहे. मुरबाड तालुक्यात देहरी गावाच्या डोक्यावर गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके शेजारी उभे आहेत. शिष्याचा गड मोठा, चढता येण्याजोगा. गुरूचा सुळका बारीक आणि अवघड. गोरखनाथांनी इथे साधना केली असं लोक सांगतात. खडकात खोदलेल्या पायऱ्या चढून गेलं की कातळात कोरलेली ऐसपैस गुहा लागते, पुढे चाफ्याची झाडं, त्यापुढे दरी आणि दरीपलीकडे मच्छिंद्रगड. गुहेत बसणाऱ्यासमोर गुरूखेरीज दुसरं काही नाही, अशी ती जागा. ट्रेकर इथे येतात ते मुख्यतः गुहेच्या अंधाऱ्या चौकटीतून उजळलेल्या सुळक्याचा फोटो काढायला.

नाथपंथीयांच्या हठयोगात त्राटक नावाची क्रिया आहे. एखाद्या सूक्ष्म वस्तूवर नजर लावायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पापणी लवू द्यायची नाही. ‘हठयोगप्रदीपिके’त ती षट्कर्मांमध्ये सांगितली आहे. त्राटक करणाऱ्याला त्या वस्तूकडून काही मिळवायचं नसतं. ती क्रिया पाहणाऱ्याला धुऊन काढण्यासाठी असते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडतं आणि मिटतं. त्राटकात पापणीला मिटायचीच मुभा नाही. याचा अर्थ फोटो काढणारा उथळ आणि योगी खोल, असा लावणं मात्र घाईचं होईल. पहाटेच्या एका उजेडासाठी तीन तास थंडीत तिवईशेजारी बसून राहणारा छायाचित्रकार त्राटकापासून फार दूर नसतो. शटर क्षणभरच उघडतं, पण त्याआधीचं बसणं त्याचं स्वतःचं असतं.

दादासाहेब फाळक्यांनी हे बसणं यंत्रालाच शिकवलं. फाळके कसारा घाटापलीकडच्या त्र्यंबकेश्वरचे. तरुणपणी बडोद्यात त्यांनी फोटोचा व्यवसाय मांडला तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीपायी गिऱ्हाईक बिचकत होतं. ही समजूत हसण्यावारी नेण्याजोगी आहे, पण तिच्यात एक शंका खरी होती: हा जो घेतो आहे, तो काय घेतो आहे आणि बदल्यात काय देतो आहे? १९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रं घेत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कोणत्याही डोळ्याला सलग दिसू न शकणारी वाढ त्यांनी दाखवली. यंत्र आपलं पाहणं हिरावून घेतं या तक्रारीला इतकं चांगलं उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल.

त्याच त्र्यंबकला, ब्रह्मगिरीच्या गुहेत, गोरखनाथांचे शिष्य गहिनीनाथ यांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला, आणि निवृत्तिनाथांनी आपल्या धाकट्या भावाला. ज्ञानेश्वरांकडे ही परंपरा अशी घाटाच्या अंगाखांद्यावरून आली. चांगदेवांनी त्यांना कोरा कागद पाठवला ही कथा सर्वांना माहीत आहे. त्या कोऱ्या चौकटीला उत्तर म्हणून ज्या पासष्ट ओव्या आल्या, त्यांत पाहणारा, दिसणारं आणि पाहणं या त्रिपुटीचाच विचार आहे, आणि तो समजवायला ज्ञानेश्वर आरशाचा दृष्टान्त घेतात. आरशात मुख दिसलं म्हणून मुखं दोन झाली नाहीत. आरसा नव्हता तेव्हाही मुख होतंच. दृश्य पुढे आलं म्हणजे पाहणाऱ्याला स्वतःची चाहूल लागते, एवढंच आरशाचं काम.

वेदान्तातली ही गोष्ट हरिश्चंद्रगडावर निसर्ग उघड्या डोळ्यांना दाखवतो. गडाचा कोकणकडा मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर आहे. खाली बेलपाडा, वर अर्धगोलाकार तुटलेला कातळ. पावसाळ्यात दरी धुक्यानं भरलेली असावी आणि ऊन पाठीवर असावं. मग कड्यावर उभ्या माणसाची सावली समोरच्या धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडं उमटतं. हेच इंद्रवज्र. युरोपात जर्मनीच्या ब्रोकेन शिखरावरून त्याला नाव पडलं. इथल्या इंद्रवज्राची नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या विल्यम साइक्सनं केली. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा लेख १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. हा साइक्स सह्याद्रीत भरपूर हिंडलेला माणूस होता. नाणेघाटातलं लेणंही १८२८ च्या उन्हाळ्यात त्यानंच जगापुढे आणलं.

इंद्रवज्राची गंमत त्याच्या भौतिकशास्त्रात आहे. पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश उलट दिशेनं, सूर्याच्या बाजूलाच परत पाठवतात. त्यामुळे ते कडं नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीभोवतीच असतं. दहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले तरी प्रत्येकाला तेजोवलय फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं; शेजारच्याची सावली साधीच. शेजाऱ्यालाही अगदी असंच वाटत असतं. आणि फोटो काढला तर ते वलय कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येतं. कोकणकड्यावरून इंद्रवज्राचा असा एकही फोटो काढता येत नाही, ज्याच्या मध्यभागी काढणारा नाही.

बाकीच्या सगळ्या निसर्गचित्रांत हीच गोष्ट लपून राहते. कोकणकड्याचा, तानसा तलावाचा, आजोबाच्या पहाडाचा फोटो पाहताना असं वाटतं की डोंगर आपला आपण तिथे आहे आणि चित्र त्यानंच काढलेलं आहे. प्रत्यक्षात कोणीतरी कुठेतरी उभं राहिलं, काहीतरी आत घेतलं आणि काहीतरी बाहेर ठेवलं. तानसाचं धरण १८९२ मधलं; मुंबईच्या नळाला तेव्हापासून तिथलं पाणी येतं. वैतरणा आणि भातसाही याच शहापूर तालुक्याच्या आसपास. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतं. निळ्याशार तलावाच्या फोटोत टँकर नसतो. तो खोटा फोटो आहे असं म्हणता येत नाही, कारण तलाव खरोखरच निळाशार आहे. पण चौकट धरणारा मुंबईहून, ते पाणी पिऊन आलेला असतो, आणि इतका नात्यातला माणूस चित्रात कुठेच दिसत नाही.

नाणेघाटात पाहणारा आणि दिसणारा यांची जागा फार पूर्वी एकदा ठरवली गेली होती. मुरबाडहून वैशाखऱ्याला जाऊन घाट चढला की माथ्याशी सातवाहनांचं लेणं लागतं. दोन बाजूंच्या भिंतींवर यज्ञांचा आणि दानांचा लांबलचक ब्राह्मी लेख, त्यात गायी, घोडे, नाणी यांचे आकडे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, एक महारठी, काही कुमार. वर नावं, खाली मूर्ती. आता नावं आहेत, मूर्ती गेल्या. पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. वाटसरूंनी राजाला पाहावं म्हणून त्या मूर्ती होत्या हे उघड आहे. पण जकातीच्या वाटेवरच त्या बसवल्या, याचा आणखी एक अर्थ घेता येतो. कोकणातून माल घेऊन वर आलेला प्रत्येकजण राजाच्या नजरेखालून पुढे जात असे. चित्र पाहण्यासाठी असतं तसं पाहत राहण्यासाठीही असतं, हे दोन हजार वर्षांपूर्वी त्या घाटात ठाऊक होतं. आज त्या रिकाम्या भिंतीकडे पाठ करून लोक फोटो काढतात, तेव्हा पाहणारं असं समोर कोणी उरलेलं नसतं.

रानातल्या माणसांचं तसं नाही. ठाणे–पालघरच्या वारली आणि इतर आदिवासी वस्त्यांतून वाघोबा आहे. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागात वन्यजीव अभ्यासकांनी अलीकडे वाघोबाची दीडशेच्या आसपास ठिकाणं नोंदवली. या श्रद्धेचा आधार अगदी व्यवहारी आहे. जंगलात माणसाला बिबट्या दिसण्याआधी बिबट्याला माणूस दिसलेला असतो. वाघोबाची पूजा करणारा हे गृहीत धरून चालतो की आपण पाहिले जात आहोत, आणि त्याप्रमाणे वागतो. गाभाऱ्यापुढच्या भक्ताची हीच मनःस्थिती असते.

२००९ मध्ये याचा पुरावा उपग्रहानं दिला. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्यानं सोडवला, वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या चमूनं त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा. तिथून तो चालत निघाला, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, महामार्ग ओलांडला आणि सुमारे १२० किलोमीटरचं अंतर कापून मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत किती गावं, किती माणसं. त्यांना तो जवळपास दिसलाच नाही. त्याला ती सगळी दिसली असणार. २०११ च्या अखेरीस मुंबईजवळच्या महामार्गावर गाडीच्या धडकेनं तो मेला, आणि २०१४ मध्ये त्याच्यावर सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा चित्रपट आला.

हे सगळं खर्डीला उतरणाऱ्या लांब लेन्सवाल्यांशी येऊन भिडतं ते एका वीतभर पक्ष्यामुळे. रानपिंगळा जगात फक्त मध्य भारतातल्या आणि आसपासच्या रानांत आढळतो. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, १८८४ नंतर तो कोणाला मिळाला नाही. मध्ये एकच नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला तो मिळवल्याचं सांगितलं होतं. त्या पत्त्यावर शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले. तेव्हा कळलं की माइनर्ट्‌झहागेननं जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला नमुना संग्रहालयातून चोरून, त्याला नव्यानं भरून, नवी चिठ्ठी लावली होती. खोटा पत्ता बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या पत्त्यांवर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

२०१४ मध्ये तो तानसाच्या अभयारण्यात सापडला. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर! दिवसा उघड्या फांदीवर बसणारा, म्हणजे कॅमेऱ्यासाठी जणू मुद्दाम बसलेला. मग जे व्हायचं ते झालं. लेन्स खर्डीच्या दिशेनं निघाल्या. अशा पक्ष्याला जवळ आणण्याची एक सोपी युक्ती पक्षी टिपणाऱ्यांत चालते. त्याच्याच आवाजाचं ध्वनिमुद्रण फोनवर लावायचं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो घरट्यावरून उठून येतो, ताठ बसतो, फोटो सुरेख येतो. घरट्याचं काय झालं हे चित्रात नसतं. पूर्वी गावात पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशी रानातल्या पिंगळ्याचा आवाज ऐकून भविष्य सांगतो असा लोकांचा विश्वास होता. त्याचं भविष्य खरं ठरो न ठरो, आवाज पक्ष्याचा होता आणि ऐकणारा माणूस. फोनवर आवाज लावणाऱ्यानं ही रचना उलटी केली.

त्याहून अवघड प्रश्न जागेचा आहे. फोटोखाली ठिकाण लिहावं का? माइनर्ट्‌झहागेनची लबाडी आठवली तर लिहावं असंच वाटतं. खोट्या पत्त्यानं शास्त्राची कित्येक वर्षं वाया घालवली. खरा पत्ता मिळाला म्हणून पक्षी मिळाला. पण खरा पत्ता सगळ्यांना कळला की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली पन्नास माणसं उभी राहतात.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्णानं अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगितली आहे. गांडीव दुसऱ्याला दे असं म्हणेल त्याला मारीन, या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसून उभा असतो, तेव्हाची. कौशिक हा तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं पळत येऊन रानात लपली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकाला विचारलं, कुठे गेली? कौशिकानं अमुक झाडीत गेली म्हणून खरं ते सांगितलं. दरोडेखोरांनी त्यांना शोधून मारलं, आणि कौशिक नरकात गेला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याचाही कल हाच: भूतांच्या घाताला कारण होणारी वाणी खरी असली तरी तिला सत्याचं पुण्य नाही. यमांच्या यादीत अहिंसा सत्याच्या आधी येते.

कौशिक खोटं बोलला नाही. चुकला तो दुसरीकडेच: आपण सत्य सांगणारे आहोत, म्हणजे आपण या प्रसंगात कुठेच नाही, असं त्यानं धरलं. निळ्या तलावाच्या फोटोत हेच होतं, घरट्यावरून उठवलेल्या पक्ष्याच्या फोटोत हेच होतं. इंद्रवज्रात मात्र हे जमत नाही.

आता कोणी म्हणेल, मग ठिकाण लपवावं, एवढंच ना? तेवढ्यानं भागत नाही. रानपिंगळा तानसात आहे हे कोणी सांगितलंच नसतं तर त्या रानाची किंमत वाढली नसती. रस्ता रुंद करताना, वीजवाहिनी नेताना, विरोध कशाच्या जोरावर करायचा? वनखात्याला झाड माहीत हवं, अभ्यासकाला हवं. हौशी छायाचित्रकाराला नको, असं ठरवणार कोण? शहरातून आलेला एक दुसऱ्या शहरवाल्याला जागा सांगत नाही, यात पक्ष्याची काळजी किती आणि फोटो फक्त आपल्याकडे असावा ही हाव किती, हे तोही सांगू शकणार नाही. अपरिग्रह हा यमही त्याच यादीत आहे.

आणि जागा ज्यांना मुळात माहीत आहे, ते पाड्यावरचे लोक या चर्चेत क्वचितच असतात. जिथे जिथे असे पक्षी आणि असे कडे प्रसिद्ध होतात, तिथे तिथे गावातला एखादा पोरगा वाटाड्या होतो. झाड दाखवलं की त्याला पैसे मिळतात. नेमका पक्षी फांदीवर दाखवला तर जास्त. रविवारच्या त्या कमाईवर त्याच्या घरात काही गोष्टी ठरतात. झाड न दाखवण्याचे, विणीच्या दिवसांत पाहुण्याला दुसऱ्या वाटेनं फिरवून आणण्याचे पैसे त्याला कोण देणार, हे कौशिकाच्या गोष्टीत नाही. ते मुंबईहून कॅमेरा घेऊन येणाऱ्यांनाच बसून ठरवावं लागेल, आणि शक्यतो पुढची वीण सुरू होण्याआधी.